स्वहस्ते बेतलेले वस्त्र

१८४६ साली अमेरिकेत इलायस हाउ यांना टोकाशी नेढे असलेल्या सुईच्या शिवणयंत्राची सनद मिळाली आणि कालांतराने शिवणयंत्र घरोघरी पोहोचले. तथापि कापड बेतण्याचा हुन्नर आजही हाताच्या आणि नजरेच्याच स्वाधीन आहे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. मग उभा धागा अंगाच्या उंचीशी समांतर ठेवून खडूने आखावे आणि कापताना शिवणीसाठी माया सोडावी. गळ्याची पट्टी मात्र उरेब कापावी, म्हणजे तिरक्या धाग्याला ताण मिळून ती वळणावर सुबक बसते. आपल्या मापाचे, आपल्या अभिरुचीचे वस्त्र स्वतः सिद्ध करण्यात निर्मितीचा निर्भेळ आनंद आहे. तो अनुभवण्यासाठी आपण साध्या परकरापासून अवश्य प्रारंभ करावा.