आज डोकं आहे का?

(बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सुरुवातीलाच सांगते, हा कागद वाचता यावा म्हणून मी चष्मा काढून ठेवलाय. त्यामुळे पहिल्या रांगेपासून मागे सगळं धूसर आहे. एक फायदा झाला, तीस वर्षांनंतरही तुम्ही सगळे मला दहावीतल्यासारखेच दिसताय.

'आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी दहा मिनिटं सांगा' असं संयोजकांनी कळवलं होतं. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणजे एआयवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. पण आपल्या ग्रुपवर वर्षभरात डोकेदुखीवर कोणती गोळी चांगली, हा प्रश्न मी निदान तीन वेळा वाचलाय. विचारणारे तिघेही दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारे. त्या गोळ्यांचा मला दोन वर्षांचा अनुभव आहे, म्हणून आज त्याबद्दल.

2020 मध्ये घरून काम सुरू झालं. ऑफिसात टेबल, खुर्ची, मोठा मॉनिटर होता. घरी जेवणाचं टेबल, ते अडलेलं असलं की पलंग, आणि मांडीवर चौदा इंची लॅपटॉप. सहा-आठ महिन्यांनी दुपारी चारच्या सुमारास कपाळ जड व्हायला लागलं. मग भुवयांच्या वर दुखायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि संध्याकाळी स्क्रीनवरची अक्षरं मध्येच पुसट होऊन परत जागेवर यायची. आई म्हणाली पित्त आहे, सकाळी आमसुलाचं पाणी घे. नवरा म्हणाला टेन्शन आहे. मी बाम लावला, उशी बदलली आणि गोळी घेतली. आधी आठवड्यातून एक, मग दोन, मग रोज चहाबरोबर.

चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर तपासून घेतला. तो तोच होता, मायनस दीड, कॉलेजपासून बदललेला नाही. म्हणजे डोळे ठणठणीत आहेत असं मी धरून चालले. दुकानदाराने निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा सुचवल्या, त्याही घेतल्या. काचा छान होत्या, फोटोत निळसर चमकायच्या. डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं. पुढे 2023 मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा काचांवरच्या 17 चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी कॉम्प्युटरमुळे होणारा डोळ्यांचा ताण, निदान थोड्या काळात तरी, कमी होत असल्याचं दिसलं नाही. माझे पैसे तोवर गेले होते.

मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली की दारात उभी राहून विचारायची, "आई, आज डोकं आहे का?" पाहुण्यांसमोर विचारलं की सगळे हसायचे, मीही हसायचे. पण तिच्यासाठी तो साधा हिशेब होता. डोकं असेल तर टीव्ही लावायचा नाही, मैत्रिणीला घरी आणायचं नाही, वही दाखवायची नाही. एकदा माझ्याकडून कामात चूक झाली. रात्री अकराला डोळे चोळत एक बदल चुकीच्या सर्व्हरवर चढवला आणि पहाटेपर्यंत चार जण ते निस्तरत बसले. दुसऱ्या दिवशी मी राजीनाम्याचा मसुदा लिहिला. तो दोन महिने लॅपटॉपमध्ये पडून होता. वीस वर्षांची नोकरी सोडायची वेळ एका डोकेदुखीने आणली, असं मी कुणाला सांगू शकत नव्हते. त्याच काळात रात्री तीनला मोबाईलवर ब्रेन ट्यूमरची लक्षणं वाचायची सवय लागली. शेवटी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्या यंत्राच्या ठकठकाटात पडून मी फक्त मुलीच्या पाचवीच्या प्रवेशाचा विचार करत होते. रिपोर्ट नॉर्मल आला. आनंद झाला, आणि दुपारी चारला डोकं दुखलं.

मग एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तपासणीच्या आधीच विचारलं, "मोबाईल वाचताना चष्म्याचं काय करता?" मी म्हटलं, "कपाळावर ढकलते." "किती दिवस?" मी विचार केला. दोन वर्षं! "लॅपटॉपसमोर?" म्हटलं, "लॅपटॉपसमोर घालते." त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्या हाताला कळलंय ते तुम्हाला कळलेलं नाही."

सर, दहावीत तुम्ही मानवी डोळ्याची आकृती काढून घेतली होती. नेत्रभिंग, त्याला फुगवणारे स्नायू, समायोजन. मी ती पाच रंगांत काढली होती आणि तुम्ही वही वर्गात फिरवली होती. तेच सगळं या बाईंनी मला पुन्हा शिकवलं, तेव्हा मला वहीचं पानसुद्धा आठवलं.

जवळचं पाहायला भिंग जाड व्हावं लागतं. ते किती, याचा हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या अंतराने एकाला भागायचं. 40 सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपला अडीच डायॉप्टर लागतात. दहाव्या वर्षी डोळ्याकडे बारा-चौदा डायॉप्टरची शिल्लक असते, अडीच म्हणजे किरकोळ खर्च. भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि पंचेचाळिशीच्या आसपास शिल्लक चार-पाचवर येते. त्यातले अडीच दिवसाचे दहा तास खर्च करायचे, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार रोज घरभाड्यात. डोळ्याचा स्नायू दिवसभर आवळून धरलेला, मग कपाळ दुखणार नाही तर काय? दुकानातल्या तपासणीत हे दिसलं नाही, कारण तिथे मी फक्त लांबची अक्षरं वाचली होती. लांबचा नंबर बदललाच नव्हता.

आपल्या भाषेत याला चाळिशी म्हणतात. वयालाही तेच नाव आणि चष्म्यालाही. इतकं स्पष्ट सांगितलेलं असूनही बेचाळिसाव्या वर्षी मला ती लागली असेल असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर वाटून घ्यायचं नव्हतं. ऑफिसात माझ्या हाताखाली पंचविशीतली मुलं आहेत.

उपाय ऐकून मला रडू आलं असतं. मायनस दीडच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण 66 सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, स्नायूला काही काम न करता. म्हणजे हात लांब केला की बोटं पोहोचतील तिथे. बाईंनी सांगितलं, स्क्रीन तिथे ठेवा आणि चष्मा काढा. माझ्या उजव्या डोळ्याला थोडा सिलिंड्रिकल नंबर आहे, म्हणून त्यापुरता स्क्रीनसाठी वेगळा चष्मा केला. तुमचा नंबर वेगळा असेल, तर हे जसंच्या तसं करू नका. पण 'मी दिवसभर स्क्रीनपासून इतक्या अंतरावर बसतो' असं टेपने मोजून डॉक्टरांना सांगा. ते आपण सांगितलं नाही तर त्यांना कळत नाही. ज्यांनी प्रोग्रेसिव्ह घेतलाय त्यांनी मानेकडे लक्ष द्या. त्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, मग स्क्रीन वाचायला हनुवटी वर करून बसावं लागतं आणि नवीन दुखणं सुरू होतं.

बाकीचं भराभर सांगते. लॅपटॉपची रचनाच चुकीची आहे, कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना चिकटलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान नीट ठेवली तर हात अधांतरी. स्टँड आणि वेगळा कीबोर्ड घ्या. स्टँड नसेल तर चार जाड पुस्तकं चालतात, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं पहिल्यांदाच रोज उपयोगी पडताहेत. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली हवी. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. एरवी आपण मिनिटाला पंधरा वेळा वगैरे पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं आणि डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. मला त्यासाठी डॉक्टरांनी थेंब दिले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ही आमच्या लोकांची फॅशन आहे. माझ्या सिलिंड्रिकल डोळ्याला ती अक्षरं पसरलेली दिसतात, म्हणून मी पांढऱ्यावर काळी वापरते आणि टीममधल्या मुलांची चेष्टा सहन करते.

गोळ्यांचं मात्र सावकाश सांगते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, काही मिश्र गोळ्या तर दहा दिवसही, अशा काही महिने घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. मी महिन्याला पंचवीसच्या घरात होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्या तेव्हा पहिले दहा-बारा दिवस भयानक गेले. मुलगी रोज विचारायची आणि उत्तर रोज 'हो, आहे' असंच. तेराव्या-चौदाव्या दिवशी मी संध्याकाळी सहाला स्वयंपाकघरात उभी होते आणि लक्षात आलं, चार कधी वाजून गेले कळलंच नाही. राजीनाम्याची फाईल त्या आठवड्यात काढून टाकली.

अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, हातपाय लुळे वाटले, किंवा डोळा लाल होऊन दुखतोय आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसताहेत, तर यातलं काहीही ऐकत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात जा. आणि चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही तपासून घ्या. काचबिंदू बहुतेक वेळा न दुखता येतो.

आता माझा एक जुना हिशेब. सातवीत फळ्यावरचं दिसत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. आपल्या वर्गशिक्षिका बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला कॉपीबद्दल शिक्षा केली नाही, आईला शाळेत बोलावलं. घरी आजी म्हणत होती, मुलीच्या जातीला चष्मा, पुढे लग्नाचं काय. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. चष्मा लागला त्या दिवशी वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याची तटबंदी मला पहिल्यांदा रेषेसारखी स्वच्छ दिसली. तोवर मला किल्ला म्हणजे डोंगराचा सपाट माथा वाटायचा. मग मी इतकी खिडकीबाहेर बघायला लागले, की त्यासाठी बाईंनीच मला दोनदा उभं केलं.

बाई, डॉक्टर आता वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायला सांगतात. पुण्यात माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या दिसतात, मी त्या बघते. मुलगी आता आठवीत आहे. फळा दिसतो का, हे तिला मी दर महिन्याला विचारते.

जेवणाची वेळ झालीय. ज्यांना आपलं अंतर मोजून हवंय त्यांनी नंतर माझ्याकडे या, पर्समध्ये टेप आहे. आता चष्मा घालते, कोण कोण आलंय ते बघू दे.