शिडीचे छायाचित्र आणि मुलांची दृष्टी



शिडी ही खेड्यात इतकी परिचित वस्तू आहे, की तिच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. माण-खटावकडील किंवा जत-आटपाडीकडील माळवदाच्या घराला ती टेकलेली असते. कडब्याची गंज रचताना ती गंजीला लागते. दिवाळीच्या आधी भिंती रंगविण्यासाठी ती शेजारून मागून आणतात, आणि काम संपले की गोठ्याच्या कडेला आडवी टाकतात. अशा वस्तूचे छायाचित्र काढावे, आणि तेही कलेचा विषय म्हणून, ही कल्पना प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु छायाचित्रणाच्या आरंभकाळीच ज्या साध्या वस्तूंनी कलावंताचे लक्ष वेधून घेतले, त्यांत शिडी होती.

इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कागदावर छायाचित्र उमटविण्याची एक रीत शोधून काढली, आणि 1844 ते 1846 या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. त्यात 24 छायाचित्रे आहेत. दहाव्या चित्रात गवताची गंज व तिला टेकलेली शिडी आहे. चौदाव्या चित्राचे तर नावच ‘शिडी’ आहे. वर माळ्याच्या दाराशी एक माणूस, खाली शिडीपाशी दोघे, एवढाच त्याचा विषय. त्या काळी चित्र उमटण्यास वेळ लागे, म्हणून माणसांना हालचाल न करता उभे राहावे लागत असे. अर्थात कोणी कोठे उभे राहावे, ऊन कोणत्या बाजूने यावे, याचा विचार आधी करावा लागे. टॅलबट यांचे लॅकॉक येथील निवासस्थान भव्य होते व त्याचीही चित्रे त्यांनी घेतली. तथापि अंगणातील शिडी त्यांना कमी मोलाची वाटली नाही.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. 1854 साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. उत्तम कलाकृती खेड्यातील माणसाच्या दृष्टीस पडाव्यात, म्हणून त्यांनी औंधास संग्रहालय उभारले. ते आजही पाहावयास मिळते. कलेची दृष्टी शहरातच येते हा समज खोटा ठरविणारे उदाहरण असे आपल्या शेजारीच आहे.

आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात छायाचित्र घेणारा मोबाइल असतो. परंतु त्याचा उपयोग बहुधा पुराव्यासाठी होतो. पोषण आहाराची पंगत, वृक्षारोपणाचा खड्डा, प्रभातफेरी यांची चित्रे घेऊन अहवालास जोडावी लागतात. हे काम आवश्यक आहे, ते टाळता येत नाही. पण मुलांनी शिक्षकांना एवढ्याच कामासाठी छायाचित्र घेताना पाहिले, तर छायाचित्र म्हणजे रांगेत उभे राहून समोर पाहणे, असाच त्यांचा ग्रह होईल. तो दूर करण्यास एक शिडी पुरेशी आहे.

प्रथम शाळेच्या भिंतीला शिडी टेकवून तिचे चित्र सकाळी, दुपारी व शाळा सुटताना, अशा तीन वेळी एकाच जागेवरून घ्यावे. भिंतीवरील सावली प्रत्येक वेळी सरकलेली दिसेल. सातारा-सांगली भागात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. परंतु कललेल्या शिडीची सावली तेव्हाही जमिनीवर पडते. असे का, हा प्रश्न मुलांना सुट्टीपूर्वीच घालून ठेवावा.

नंतर शिडीच्या पायथ्याशी बसून वर पाहत चित्र घ्यावे. प्रत्यक्षात सारख्या अंतरावर असलेल्या पायऱ्या चित्रात वरवर जवळ येत जातात, आणि दोन उभे बांबू एकमेकांकडे झुकतात. चित्रकलेतील यथार्थदर्शनाचा नियम फळ्यावर समजावण्यास जो तास लागतो, तो येथे पाच मिनिटांत उमजतो. मुलांनी त्या चित्रावरून पाटीवर रेखाटन करावे.

गणितही यातच आहे. शिडी, भिंत व जमीन मिळून काटकोन त्रिकोण होतो. शिडी 13 फूट आणि तिचा पाय भिंतीपासून 5 फुटांवर असेल, तर टोक 12 फुटांवर टेकते. ही मापे हिशेबास सोयीची आहेत. चढण्यासाठी मात्र चार फूट उंचीस एक फूट अंतर, म्हणजे 12 फुटांस 3 फूट, हे प्रमाण योग्य मानतात. चित्रासाठी कोणत्याही मुलास शिडीवर चढवू नये. माणूस नसलेली शिडीही पुष्कळ काही सांगते.

आणखी एका शिडीचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की कृष्णाकाठच्या शिवारात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. मालमोटारीला शिडी किंवा फळी लावलेली असते, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन स्त्रीपुरुष तीवरून चढतात. मावळतीच्या उजेडात हे दृश्य फार देखणे दिसते, आणि छायाचित्रकाराला मोह पडतो. पण त्या शिडीवर चढणारी बाई कदाचित आपल्याच वर्गात हंगामापुरत्या बसलेल्या मुलाची आई असते. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर हे ओझे तिला चढवावे लागते. तिला न विचारता तिचे चित्र घेणे, आणि ते वर्गात केवळ सौंदर्याचा नमुना म्हणून दाखविणे, हे त्या मुलाच्या देखत त्याच्या घराचा अवमान करण्यासारखे आहे.

याचा अर्थ ते चित्र घेऊच नये असा नव्हे. तिची संमती घ्यावी, घेतलेले चित्र तिला दाखवावे, आणि वर्गात त्याविषयी बोलण्याचा पहिला मान तिच्या मुलास द्यावा. मात्र त्याची इच्छा असेल तरच. मोळी कशी बांधतात, फळी कशी रोवतात, ओले पाऊल का घसरते, हे त्यास जेवढे ठाऊक असते तेवढे शिक्षकास नसते. चार महिन्यांसाठी आलेले जे मूल मागच्या बाकावर मुके बसते, ते या निमित्ताने बोलते झाले, तर तेवढ्याने त्या चित्राचे सार्थक होईल.

टॅलबट यांच्या शिडीपाशी उभी असलेली माणसे आपण चित्रात आहोत हे जाणून उभी होती. आपल्या चित्रातील माणसांनाही तो अधिकार आहे. वस्तू नीट पाहणे आणि वस्तूपाशी राबणाऱ्या माणसाला नीट पाहणे, ही दोन्ही शिकवण एकाच पाठात देता येते. त्यास निराळा खर्च नाही, निराळी सामग्री नाही. शिक्षकांनी या सत्रात असा एक पाठ घेऊन पाहावा, आणि मुलांनी काढलेली रेखाटने केंद्राच्या पुढील संमेलनात सोबत आणावीत.