वादळाआधीचे काम
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



नागरी संरक्षण म्हटले की आपल्यातील ज्येष्ठांना १९६५ आणि १९७१ ची युद्धे आठवतात : भोंगे, खिडक्यांच्या काचांवर डकवलेले कागद, अंधारलेले रस्ते. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या सरावामुळे तरुणांनाही त्याची थोडी ओळख झाली. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा मुळात शत्रूच्या हल्ल्याचा विचार करूनच झाला होता. नैसर्गिक आपत्ती त्याच्या कक्षेत आल्या त्या २००९ च्या दुरुस्तीने. वास्तविक १९५७ साली केंद्र सरकारने आपल्या नागपुरात जी प्रशिक्षणसंस्था काढली, ती आपत्कालीन मदतकार्य शिकविण्यासाठीच होती. नागपूरला जे उमगले ते कायद्याला उमगण्यास अर्धे शतक लागले, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

ओडिशात संसार थाटलेल्या आम्हां मराठी मंडळींना हे समजण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागली नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ जे महाचक्रीवादळ धडकले, त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. पाच ते सहा मीटर उंचीची समुद्राची लाट आत शिरली. सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातील होती. वादळाचा इशारा मिळालाच नव्हता, असे नाही. पण इशारा ऐकून जावयाचे कोठे? साऱ्या किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेली निवारागृहे होती तेवीस. बाकी घरे कुडाची आणि गवताच्या छपराची.

त्यानंतर १४ वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, ऐन दसऱ्याच्या तोंडावर ‘फायलिन’ गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आले. तेही अतितीव्र वादळच होते. या खेपेस मृतांचा आकडा पन्नासाच्या आत राहिला. सुमारे दहा लाख माणसे वादळापूर्वीच हलविली गेली होती. १९९९ च्या अखेरीस राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले, खांबांवर उभी असलेली निवारागृहे बांधली. आज त्यांची संख्या आठशेच्या वर आहे. एरवी त्यांतील पुष्कळ इमारतींत शाळा भरते. त्यामुळे इमारत वापरात राहते आणि गावाला तिची वाट ठाऊक असते.

पण नुसत्या इमारतीने माणूस वाचत नाही. त्याला घरातून बाहेर काढावे लागते, आणि हे काम किती अवघड आहे याची कल्पना शहरात बसून येत नाही. आकाश अजून निरभ्र असते. दारात गाय बांधलेली, किनाऱ्यावर होडी ओढून ठेवलेली, आणि घर सोडले तर चोरी होईल ही धास्ती. म्हातारी म्हणते, इतकी वादळे पाहिली, हेही पाहीन. तिला उठवण्यासाठी सरकारी ध्वनिक्षेपक उपयोगी पडत नाही. तिच्या ओळखीचाच कोणी तरी लागतो. निवारागृहांभोवती स्वयंसेवकांचे गट बांधले गेले ते याचसाठी. कोणत्या घरी गरोदर बाई आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, हे गावातील स्वयंसेवकाला विचारावे लागत नाही.

वादळ निदान वर्दी देऊन येते; भूकंप तेवढीही सवलत देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून निजलेल्या किल्लारी परिसरावर दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे कोसळली. मदतपथके बाहेरून येईपर्यंत ढिगारे उपसणारे हात वाचलेल्या गावकऱ्यांचेच होते.

आता आपल्या शहराकडे वळू. ३ मे २०१९ रोजी ‘फनी’ वादळ पुरीजवळ आले आणि भुवनेश्वरवरून पुढे गेले. झाडे पडून रस्ते अडले. कित्येक वस्त्यांत आठवडाभर वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. मोबाईलही मुके झाले. अशा वेळी चौथ्या मजल्यावरील एकट्या आजोबांना पाण्याची एक बादली कोणी पोचवावी? शेजाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नसते. गावात जी ओळख आपोआप असते, ती शहरात मुद्दाम करून घ्यावी लागते.

आमच्या मते आपल्या मंडळापाशी हे काम करण्याचे उत्तम साधन पूर्वीपासून आहे, आणि ते म्हणजे गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही. वर्षातून एकदा आपले कार्यकर्ते घरोघर जातात, जिने चढतात, चहा घेतात, आणि (वर्गणी मिळो अथवा न मिळो) घरात कोण आहे हे पाहून येतात. त्याच वहीत चार रकाने अधिक आखावेत : घरात एकटे राहणारे वृद्ध कोण, थंड ठेवावे लागणारे इन्सुलिन अथवा विजेवर चालणारे प्राणवायूचे यंत्र कोणाकडे आहे, परगावच्या नातलगाचा दूरध्वनी, आणि शेजारी किल्ली कोणाकडे असते. वही कागदाचीच हवी. मोबाईलमधली यादी नेमकी हवी तेव्हा उघडत नाही. तिच्यातील माहिती मात्र वाटेल त्याच्या हाती जाऊ नये, एवढी खबरदारी घ्यावी.

तरुणांनी याहून पुढे जावे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण असते. २०१६ साली ती पूरप्रवण जिल्ह्यांसाठी सुरू झाली. नागरी संरक्षण दलाचेही वर्ग असतात. निदान प्रथमोपचार आणि दोराच्या गाठी तरी प्रत्येकाने शिकाव्यात.

बंगालच्या उपसागरातील वादळांचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, तेव्हा कोजागिरीपूर्वी ही यादी पुरी व्हावी. वही कार्यालयाच्या दाराशी ठेवली आहे. ज्यांचे आईवडील येथे एकटे राहतात, त्यांनी आज जातानाच नाव, पत्ता आणि मजला लिहून जावे. पेन वहीलाच बांधले आहे.