ब्रेकर कोणाचा रखवालदार?



आपल्यातले बरेच जण आता कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत, म्हणून पाच मिनिटं लिफ्टबद्दल बोलते. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी इंजिनिअरिंग असं उपयोगी पडतं.

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जुन्या लिफ्टना आता व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह, बसवतात. मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. ड्राइव्ह ५० हर्ट्झच्या विजेचं आधी डीसी करतो आणि मग हवी ती वारंवारता बनवून मोटरला देतो. त्यामुळे लिफ्ट धक्का न देता सुटते. लोकलच्या नव्या गाड्यांच्या मोटरीही अशाच चालतात.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे काम निघालं. मोटर जुनीच, साडेसात एचपीची. ती थेट सुरू करताना क्षणभर सहापट करंट ओढायची, म्हणून पॅनेलमध्ये ४० अँपिअरचा ब्रेकर होता. कंत्राटदार म्हणाला, "मॅडम, ड्राइव्ह आला की स्टार्टिंगचा झटका गेला. आता अडीच स्क्वेअरची वायर पुरे." आणि ब्रेकर? "तो आहे तोच चालेल."

खरी गोम इथेच आहे. ब्रेकर हा आधी तारेचा रखवालदार. नळीतून नेलेली अडीच स्क्वेअरची तांब्याची तार जेमतेम २० अँपिअर झेलते. मे महिन्यात तापलेल्या मशीनरूममध्ये त्याहूनही कमी. तिच्यातून ३५ अँपिअर वाहिले तरी ४० चा ब्रेकर गप्प बसेल. दहावीचा ज्यूलचा नियम आठवा: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. आणि ही तार जिन्याशेजारच्या डक्टमधून सात मजले चढते.

मग आकडा कोणता धरायचा? मोटरच्या पाटीवर ११ अँपिअर लिहिलेलं असतं. पण पॅनेलकडून येणारी तार मोटरला नाही, ड्राइव्हला जाते. ड्राइव्ह वीज सलग ओढत नाही, लाटेच्या शिखरापाशी गचक्यांनी ओढतो. त्यामुळे त्याचा इनपुट करंट १५ अँपिअर किंवा जास्तही असू शकतो. तो ड्राइव्हच्या पाटीवर छापलेला असतो. अमेरिकन विद्युत संहिता त्याच्या सव्वापट क्षमतेची तार घ्यायला सांगते. १५ ची सव्वापट म्हणजे सुमारे १९. उष्णतेची सूट धरून आम्ही चार स्क्वेअरची तार घेतली आणि ड्राइव्हच्या पुस्तिकेप्रमाणे २० चा ब्रेकर. करंटपेक्षा ब्रेकर मोठा, ब्रेकरपेक्षा तारेची क्षमता मोठी, हा क्रम मोडायचा नाही. मोटरवरचा जादा भार ड्राइव्ह स्वतः ओळखतो. मात्र मोटरचे ११ अँपिअर त्याच्या सेटिंगमध्ये भरावे लागतात.

ड्राइव्ह ते मोटर ही तार वेगळी. तिथे वीज तुकड्यातुकड्यांनी जाते आणि तार लांब असेल तर मोटरपाशी व्होल्टेजची शिखरं जवळजवळ दुप्पट होतात. ती तार आखूड, जाळीचं आवरण असलेली आणि नीट अर्थ केलेली हवी.

कमिटीत कोटेशन आलं की तीनच प्रश्न विचारा. ड्राइव्हचा इनपुट करंट किती? त्या उष्णतेत तार किती झेलते? ब्रेकर या दोन्हींच्या मध्ये बसतो का? आणि ब्रेकर वारंवार पडला, तर मोठा बसवू नका. का पडतो ते शोधा. तो आपलं काम करत असतो.

विज्ञानाच्या तासाला "एकक लिहिलं नाही तर गुण नाही" म्हणणाऱ्या आमच्या शिक्षकांना, त्या अँपिअरसाठी मनापासून धन्यवाद.