मातीचं भांडं आणि सात बळी

(आपल्या समाजाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला क्रिकेटवर बोलायला सांगितलं तेव्हा कार्यवाहांना वाटलं असेल की मास्तर सी. के. नायडूंवर बोलतील. इंदूर इथून तासा-दीड तासावर. होळकरांच्या संघाच्या गोष्टी ऐकतच आपण इथे लहानाचे मोठे झालो. नायडू येतील, पण ओझरते. आजचा माणूस त्यांच्या आधीच्या पिढीतला. आणि त्याच्याकडे मी पोहोचलो तो अमेरिकेच्या वाटेने, म्हणजे उलटा घास घेऊन.

माझी मुलगी शार्लटला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. जावईबापूंना मोटारींच्या शर्यतींचं वेड. दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारख्या, पण आतून सगळं बदललेल्या गाड्या गोल ट्रॅकवर पळवतात, त्याला तिकडे स्टॉक कार म्हणतात. नॅस्कार ही त्या शर्यतींची मोठी संस्था, आणि तिचं सन्मान-दालन शार्लटलाच आहे. मला त्यातलं काही कळत नाही. मी आपला नातवाचं बोट धरून फिरत होतो. तिथे वेंडेल स्कॉट नावाच्या माणसाची हकीकत कळली आणि मी थांबलो.

हा व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा काळा माणूस, जन्म १९२१ चा. टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या, परत आल्यावर चोरट्या दारूची वाहतूक केली. गावातल्या शर्यतीच्या चालकांना तिकिटं खपवायला एक काळा ड्रायव्हर हवा होता, म्हणजे नुसती गंमत म्हणून. त्यांनी पोलिसांना विचारलं, तुम्हाला चकवून भरधाव पळणारा कोणी काळा आहे का? पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं! १९५२ मध्ये तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला. गाडी जुनी, मेकॅनिक स्वतः, मदतीला स्वतःची मुलं. १ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला तो सगळ्यांच्या पुढे होता, तरी विजयाचा झेंडा दाखवला गोऱ्या ड्रायव्हरला. तास-दोन तासांनी, लोक घरी गेल्यावर, पंचांनी कबूल केलं की मोजणीत चूक झाली, जिंकला स्कॉटच. तोवर करंडक गेलेला. तो वारला १९९० मध्ये. दालनात त्याचं नाव लागलं २०१५ मध्ये. आणि त्या विजयाचा करंडक संस्थेने त्याच्या कुटुंबाच्या हातात ठेवला २०२१ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी.

नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असं कोणी होतं?" मी तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे टोचतं. परत आल्यावर वाचायला बसलो. आता ते उत्तर तुम्हाला सांगतो.

नाव पालवणकर बाळू. मूळ गाव कोकणातलं पालवण, जन्म धारवाडचा, १८७६ चा. जातीने चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून घर पुण्यात. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे ४ रुपये. रोलर, चुन्याच्या रेघा, जाळी बांधणं, टेनिसचं कोर्ट आखणं, सगळं त्याच्याकडे.

तिथे जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज होता. त्या काळी हिंदुस्थानातला सर्वांत चांगला गोरा फलंदाज म्हणून त्याची ख्याती. तो बाकीच्यांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूला गोलंदाजी करायला लावायचा. ठरलेलं होतं की बाळूने बाद केलं की दर वेळी आठ आणे. आता हिशेब करा. आठवड्यातून दोनदा ग्रेगची दांडी उडवली की महिन्याला ४ रुपये, म्हणजे पगाराइतकी वरकमाई! अशा शाळेत बाळूची डावखुरी फिरकी तयार झाली. पुढे लोक त्याला इंग्लंडच्या विल्फ्रेड र्‍होड्सच्या पंक्तीला बसवू लागले. मात्र त्या क्लबात त्याच्या हाती कोणी कधी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची.

ही कीर्ती शहरात पोहोचली. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, पण बाळूला घ्यायचं तर काहींच्या पोटात गोळा. शेवटी घेतला. ग्रेगनेच म्हणे सुनावलं होतं की याला वगळाल तर मूर्ख ठराल. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत, चिनी मातीच्या कपांतून चहा. बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन झाला की टाकून देण्यासाठी. हातपाय धुवायचे तर त्याच्याच समाजातला नोकर कोपऱ्यात पाणी घालणार. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं.

इथे थोडं थांबतो. हे वाचताना मला राग आला, आणि राग आल्याचं बरंही वाटलं. म्हटलं, ती जुनी पुण्याची माणसं, आपण काही तसे नाही. मग आठवलं. १९६२-६३ ची गोष्ट असेल. आम्ही पोरं क्षीरसागरच्या मैदानावर खेळायचो. सगळी ओळखीच्या वाड्यांतली. एक मुलगा पलीकडच्या वस्तीतून यायचा, पायात काही नाही, पण चेंडू असा टाकायचा की आमच्या मोठ्या दादालोकांची भंबेरी उडायची. सामना असला की त्याला बोलावणं जायचं. खेळ संपला की आम्ही आमच्या वाड्यात पाणी प्यायला जायचो. माझी आजी आम्हाला पितळी फुलपात्रातून द्यायची. तो ओसरीच्या खाली उभा राहून ओंजळ धरायचा आणि आजी वरून धार सोडायची. ती प्रेमळ होती, त्याला गूळही द्यायची, तोही वरूनच टाकून. मी दहा-अकरा वर्षांचा, फुलपात्र हातात धरून बघत असे. त्याला "वर ये" असं मी कधी म्हटलं नाही. ते सुचलंच नाही, हे जास्त खरं. आपली घराणी शिंद्यांच्या काळापासून इथे आहेत. सणवार, पुरणपोळी, मोडी कागद, सगळं आपण बरोबर आणलं आणि जपलं. त्या सामानात हेही होतं.

पुन्हा बाळूकडे येऊ. पुण्याच्या हिंदू संघाचा सामना साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी ठरला. तिथल्यांनी बाळूची फिरकी चालू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टी रोलरखाली दाबून सपाट केली. बाळूने ७ बळी घेतले. पुण्यात सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी त्याला हार घातला आणि उपस्थितांना सुचवलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात काय अडचण आहे?

मग पुण्यात प्लेग आला आणि कुटुंब मुंबईला गेलं. बाळूने रेल्वेत नोकरी धरली, बी. बी. सी. आय. मध्ये. आपल्या रतलाम-नागद्याकडची जुनी माणसं अजून ज्या रेल्वेला त्या नावाने ओळखतात, तीच. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरकुर झाली आणि मग प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळूचे ८ बळी. साहेबाला त्याच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर आनंद झाला. त्या संघात शिवरामही होता. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊ आले. एका घरातले चौघे.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, २३ पैकी १५ सामने. पण बाळूने त्या एका उन्हाळ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात ११. वय तेव्हा ३५, खांदा दुखरा. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्याचा सत्कार केला. ते मानपत्र लिहिण्यात एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता असं सांगतात. हा विद्यार्थी आपल्या महूचा, म्हणजे महूत जन्मलेला, भीमराव आंबेडकर. त्याचेही वडील लष्करातले.

इतकं झाल्यावर हिंदू संघाचा कप्तान कोण व्हायला हवा? तुम्ही म्हणाल, विचारायचं काय त्यात. पण दर वर्षी दुसराच कोणी. बहुतेकदा एम. डी. पै. बाळूपेक्षा पैंना यात अधिक संकोच वाटत असावा, कारण १९१३ मध्ये एका समारंभात त्यांनी स्वतःच सांगितलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूचा होता. पैंबद्दल मला आदर वाटतो. पण मान बाळूला मिळाला नाही तो नाहीच.

१९२० मध्ये स्फोट झाला. बाळूला पहिल्या सामन्यातून वगळलं. पै आजारी, तर कप्तानपद द. ब. देवधरांना. देवधर मोठे खेळाडू, त्यांच्या नावाने पुढे करंडक-स्पर्धा सुरू झाली ती योग्यच. पण तेव्हा शिवराम आणि विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जातीमुळे आम्हाला डावललं असं उघड निवेदन छापलं. विचार करा, चारच घरांतून ज्यांना मुश्किलीने आत घेतलं जात होतं, त्यांनी भर मुंबईत हे लिहिलं! गावात गहजब झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन आले, बाळूला बोलावून उपकप्तान केलं, भाऊही परतले. त्या सामन्यात पै अधूनमधून मैदान सोडून जात. तेवढा वेळ हिंदू संघ बाळूच्या हुकमावर खेळला. हेच त्याचं कप्तानपद.

खरं कप्तानपद मिळालं विठ्ठलला, १९२३ मध्ये. आपले सी. के. नायडू तेव्हा त्याच संघात. युरोपियनांना हरवून हिंदू जिंकले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतलं. ज्या भावाला ओसरीवर घेत नव्हते, त्याच्या भावाला खांद्यावर घेतलं. मध्ये वर्षं गेली साधारण पंचवीस.

शेवटचा भाग अवघड आहे. काही लोक तो गाळून सांगतात, मी गाळणार नाही. बाळू गांधीजींच्या बाजूने उभा राहिला. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, ती बाळूला पटली नाही. आणि १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांच्या विरोधात उमेदवार दिला तो बाळूच. ज्याच्या कौतुकाचं मानपत्र विद्यार्थिदशेत लिहिलं, त्याच्याशीच लढत. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. दोन हजार वीस मतांनी बाळू हरला. कोणाचं बरोबर, यावर आपल्यातच आज दोन तट पडतील, आणि मलाही बाळूची ती भूमिका पटत नाही. पण दहा हजारांवर माणसांनी त्याला मत दिलं, त्यांना मी खुळे म्हणणार नाही.

तो वारला जुलै १९५५ मध्ये, मुंबईत. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ मध्ये, तेव्हा त्याचं वय ५६. म्हणजे कसोटीच्या कोष्टकात त्याचं नाव नाही. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, एवढं कोष्टकात सापडतं. 'लगान' मधला कचरा पाहून काही जाणकारांना बाळू आठवला होता. आपण तो सिनेमा पाहिला, टाळ्या वाजवल्या, आणि घरी आलो.

नातवाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मग ट्रॉफी कधी दिली?" मी म्हटलं, सांगतो, आणि विषय बदलला.

आता आरतीची वेळ होत आली, म्हणून एक विनंती करून थांबतो. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. मला ते मुळातून वाचायला मिळालेलं नाही. आपल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर ट्रंका भरून पुस्तकं पडलेली आहेत, निम्म्यांना वाळवी लागली असेल. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत ते सापडलं, तर रद्दीत घालू नका. समाजाच्या वाचनालयात आणून द्या. बांधणीचा खर्च मी देईन.

आणि क्षीरसागरवरचा तो मुलगा. त्याचं आडनाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. तुमच्यापैकी जे तेव्हा आमच्याबरोबर खेळायचे, त्यांच्यातले दोघं-तिघं मला इथे मागच्या रांगेत दिसताहेत. प्रसाद घेऊन झाला की जरा थांबा. कोणाला आठवत असेल तर मला सांगा.