लेझीम खेळलेले पाय
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संध्याकाळी आपली जाखडी आहे. नाचणाऱ्या बारा जणांपैकी नऊ जणांनी आजवर पायात चाळ बांधले नव्हते. गेले चार रविवार त्यांना शिकवताना जे दिसलं, तेवढंच सांगतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच, "अरे, आता या वयात जमायचं नाही!" मी विचारलं, शाळेत लेझीम खेळायचात ना? म्हणाले, "ती कवायत रे, नाच कुठे?" पण चार आवाज, आठ आवाज करताना हात एक करत होते, पाय दुसरं, आणि शेजाऱ्यापासूनचं अंतरही राखायचं होतं. जाखडीत गाणारा नि मृदंगवाला मध्ये बसतात, बाकीचे भोवती फेर धरतात. हा फेर मोडू न देणं लेझीमवाल्यांना शिकवावं लागलं नाही. एक खोड मात्र आहे त्यांची. शिट्टीची वाट बघतात! जाखडीत लय चढत जाते, शिट्टी कोण मारणार?

आपला एक मित्र दर शिमग्याला गावी पालखी नाचवतो. खांद्यावर पालखी असताना गुडघे ताठ ठेवले, तर दणका थेट कमरेत बसतो. त्यामुळे 'गुडघे सैल सोड' हे त्याला सांगावंच लागलं नाही. भातलावणी केलेल्या मैत्रिणींना वाकून मागे पाऊल टाकणं सहज जमलं. फुगडी घातलेल्यांना गिरकीत भोवळ आली नाही.

सगळ्यात त्रास झाला तो भरतनाट्यम शिकलेल्या मैत्रिणीला. ताल तिला पहिल्या मिनिटात कळला, पण पाठ ताठ आणि नजर प्रेक्षकांकडे. आठ वर्षं कमावलेलं एका रविवारी कसं सुटेल? तिसऱ्या रविवारी ती शेजारणीच्या पायांकडे बघायला लागली, आणि जमलं.

हे एवढं का सांगतोय? आठवीत मला गॅदरिंगच्या नाचातून काढलं होतं. "याचे पाय लाकडाचे," असं सगळ्यांसमोर ऐकलं आणि पुढे वीस-बावीस वर्षं नाचाच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. गणपतीत वाडीतली जाखडी अंगणात आली की मी पडवीत पान लावत बसायचो. एकदा वाडीतल्या एका म्हाताऱ्या बुवांनी हाताला धरून उठवलं. विचारलं, "खो-खो खेळायचास ना? मग खो मिळाल्यावर मोजत बसायचास काय?" त्या रात्री मी मोजणं सोडलं. घरी आलो तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि झोप येत नव्हती.

समोर बसलेल्यांत अजून बरेच 'लाकडी पाय' आहेत, मला नावं ठाऊक आहेत. सहा वाजता मैदानावर या. चाळांचे चार जोड जास्तीचे आणलेत.