‘नेट स्लो आहे’ या उत्तराविरुद्ध

ठाण्यापासून थेट कसारा-कर्जतपर्यंतच्या दुकानांचे, दवाखान्यांचे, पतपेढ्यांचे संगणक चालते ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, मनापासून आभार. डोंबिवलीला संमेलनांची सवय आहे. 2017च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं. तिथे अध्यक्षांच्या भाषणाची छापील प्रत मिळते. आपल्याकडे ती प्रथा नाही, त्यामुळे मी कुठे भरकटलो ते तुम्हाला ताडून पाहता येणार नाही.

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. घेतो. 5जी 2022च्या ऑक्टोबरात देशात सुरू झालं, पण स्टेशनजवळच्या तळघरातल्या दुकानात अजून एक काडी रेंज मिळाली तरी आपण नशीबवान. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, त्यावर उद्या सकाळी स्वतंत्र सत्र आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला चार वक्ते आहेत, त्यांच्यात पाचवा मी नको. आढावा संपला.

आता मला जे बोलायचं आहे ते. मुख्य कार्यालय ठाण्याला, शाखा कल्याणला, बदलापूरला. शाखांचा डेटा मुख्य सर्व्हरशी जुळवणारं सॉफ्टवेअर मधूनच पडतं. फोन येतो. आपला मुलगा लोकलला लोंबकळत जातो, प्रोग्रॅम बंद करून चालू करतो आणि कॉल रिपोर्टवर लिहितो, ‘नेटवर्क इश्यू’. गिऱ्हाईक ब्रॉडबँडवाल्यावर तोंडसुख घेतं, ब्रॉडबँडवाला राउटर बदलून जातो, सॉफ्टवेअर कंपनीच्या दप्तरी तक्रार निकालात निघते. आठवड्याने पुन्हा तेच. या सगळ्यात लॉग कोणी उघडलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नेट मंदावलं म्हणून सॉफ्टवेअर पडत नाही. नेट कधी मंदावणारच नाही, असं गृहीत धरून लिहिलेलं सॉफ्टवेअर पडतं. हे मी चहाच्या टपरीवर खूप वर्षं बोलत आलो, आज ध्वनिक्षेपक हातात आहे.

आधी थोडा हिशेब. ठाणे ते कल्याण रेल्वेने 20 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन परत यायला सेकंदाचा पाच हजारावा भाग. तुमच्या पिंगमध्ये 20 मिलीसेकंद दिसतात, कधी 200, कधी 2000. हा सगळा वेळ अंतराचा नाही. पाकिटं वाटेत कुठल्या कुठल्या यंत्रांतून फिरून येतात आणि कुठे रांगेत ताटकळतात, त्याचा आहे. एकेकाळी आपल्याकडे तर टेलिफोनची सरहद्दच होती. ठाण्याचा एसटीडी कोड 022, आमचा 0251. पलीकडे एमटीएनएल, अलीकडे बीएसएनएल. तेव्हाही अंतर तेवढंच होतं.

आता बदलापूरचं एक दुकान सांगतो. मालक औषधांचे घाऊक व्यापारी, सर्व्हर कल्याण पश्चिमेच्या गोदामात, किरकोळ दुकानं तीन. बाकीची दोन सुरळीत. बदलापूरच्या दुकानातला प्रोग्रॅम रोज रात्री सव्वाआठच्या आसपास पडायचा. मालकाने वैतागून जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी सव्वाआठ काही चुकेना. मी काउंटरमागे स्टूल टाकून बसलो, पिंग चालू ठेवलं. सात वाजेपर्यंत 18, 20, 19. सातला डॉक्टरांचे दवाखाने उघडतात, दुकानात गर्दी होते, आणि मालक कल्याणहून मोबाइलवर दुकानाचा कॅमेरा बघायला सुरुवात करतात. कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जायला लागलं आणि पिंग 1900, 2200. स्वस्तातला राउटर पाकिटं टाकून देत नाही, लांबलचक रांग लावून ठेवतो. बिलाचं पाकीट त्या रांगेत सगळ्यात मागे.

प्रोग्रॅम एका वेळी चारशे ओळी पाठवत होता, पण एकेक करून. एकीची पोच आल्याशिवाय पुढची सुटत नव्हती. चारशेला 20 मिलीसेकंदांनी गुणा, आठ सेकंद होतात. दोन सेकंदांनी गुणा, तेरा मिनिटं. प्रोग्रॅमचा धीर मात्र 30 सेकंदांचा. तिसाव्या सेकंदाला तो म्हणायचा, संपलं, नवी जोडणी उघडा. जुनी बंद करायचं कोणी लिहिलंच नव्हतं. सर्व्हरच्या दृष्टीने जुनं काम अर्धवट चालू, त्याने त्या नोंदी कुलपात धरलेल्या. नवी जोडणी त्याच नोंदी मागत दाराशी उभी. तिचे 30 सेकंद संपले की तिसरी. मायएसक्यूएलमध्ये जोडण्यांची मर्यादा न बदलता ठेवली तर ती 151 असते. तिसाने गुणून पाहा, सव्वा तास होतो. सातमध्ये सव्वा तास मिळवा. मर्यादा संपली की सर्व्हर जोडणी नाकारायचा, आणि नकार मिळू शकतो ही शक्यताच विचारात न घेतलेला प्रोग्रॅम कोसळायचा. लॉगची शेवटची ओळ रोज हेच ओरडून सांगत होती, जोडण्या फार झाल्या. वाचायला कोणी नव्हतं.

उपाय काय केला? चारशे ओळींचा एकच गठ्ठा, जुनी जोडणी आधी बंद, प्रत्येक बिलाला शाखेचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे तेच बिल दोनदा आलं तर सर्व्हर दुसरं नाकारेल. राउटरमध्ये कॅमेऱ्याला लगाम. नवी लाइन नाही, नवा सर्व्हर नाही.

आता आपला दरवर्षीचा वाद. टाइमआउट वाढवायचा म्हणणारे डावीकडे बसतात, कमी करायचा म्हणणारे उजवीकडे. मी दोघांनाही बदलापूरला पाठवतो. 30चे 10 केले असते तर प्रोग्रॅम पंचवीस मिनिटांत पडला असता. तीनशे केले असते तर उशिरा पडला असता, आणि तोवर काउंटरवरच्या मुलीने शिव्या खाल्ल्या असत्या. आकडा महत्त्वाचा नाहीच. वेळ संपल्यावर तुम्ही काय करता, ते महत्त्वाचं. डोंबिवलीकराला हे समजावायला नको. 8.14ची फास्ट इंडिकेटरवर दिसत नाही म्हणजे ती रद्द झाली असं होत नाही. आपण दुसरी पकडतो, तेव्हा पहिलीतही आपणच बसलेलो नसतो, इतकंच बरं. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही गाड्यांत बसतं आणि मग बिलं दुप्पट होतात.

हे काही माझ्या पदरचं नाही. निरोपाच्या विलंबाला कमाल मर्यादाच नसेल, तर समोरचं यंत्र बंद पडलं आहे की नुसतं मंद आहे, हे लांबून खात्रीने सांगता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा 1985चा प्रसिद्ध सिद्धान्त याच अडचणीवर उभा आहे. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी 1994च्या सुमारास जाळ्यावर काम करणाऱ्यांच्या भाबड्या समजुतींची यादी केली, तिच्यात ‘विलंब शून्य असतो’ ही दुसऱ्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे ती अजून पहिल्या क्रमांकावर आहे.

दुसरा वाद, कोणत्या नोंदी नव्या हे वेळेवरून ठरवायचं की क्रमांकावरून. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज एखाद-दुसरा रिपोर्ट मुख्य केंद्रात पोचत नव्हता. शाखेने 11.58ला नोंदवलेला रिपोर्ट मंद लाइनमुळे 12.03ला सर्व्हरवर चढायचा. मुख्य केंद्राने 12च्या आधीचं सगळं घेतलं असं मानून पुढच्या वेळी सर्व्हरकडे 12 नंतरचं तेवढं मागितलं. तो रिपोर्ट कायमचा हरवला, आणि पेशंटचा मुलगा खिडकीशी भांडत उभा. पोचल्याच्या क्रमाने सर्व्हरने नंबर द्यावा आणि त्यावरून चालावं. वाद संपला, निदान माझ्यापुरता.

तिसरा वाद क्लाउडचा. सगळं क्लाउडवर नेलं की प्रश्न मिटतो म्हणणाऱ्यांनी कसाऱ्याच्या अलीकडे कुठेही जाऊन पावसाळ्यात एक बिल फाडून दाखवावं. पुढे जाऊ.

12 ऑक्टोबर 2020 आठवतो? कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडातून मुंबई-ठाण्याची वीज गेली, गाड्या जागच्या जागी. माझ्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर जनरेटरवर होता, तो त्या काळात ठणठणीत. कोसळला तो वीज परत आल्यावर. सगळ्या शाखा एकदम जाग्या झाल्या आणि दर पाच सेकंदांनी दार ठोठावायला लागल्या. प्रत्येकीने थोडं वेगवेगळं थांबावं, आणि दर नकारानंतर दुप्पट थांबावं, ही अक्कल एथरनेटला 1970च्या दशकात होती. आपल्या बिलिंगच्या प्रोग्रॅमला अजून नाही.

आणि गंमत बघा. ब्रॉडबँड यायच्या आधी आम्ही शाखांचा डेटा फ्लॉपीवर जुळवायचो. संध्याकाळी एक मुलगा कल्याणहून ठाण्याला फ्लॉपी घेऊन निघायचा. फ्लॉपीवर क्रमांक असायचा, आतल्या फाइललाही. 113 आधी आली तर बाजूला ठेवायची, 112ची वाट बघायची. तीच फाइल दोनदा आली तर प्रोग्रॅम ‘आधीच घेतली’ म्हणून सोडून द्यायचा. पावसात गाड्या बंद पडल्या तर विलंब मिलीसेकंदांत नाही, दिवसांत मोजायचा. त्यापायी प्रोग्रॅम पडल्याचं मला आठवत नाही. कारण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की मुलगा उशिरा येणार. तो मुलगा आज ठाण्यात स्वतःची कंपनी चालवतो, आणि त्याचंही सॉफ्टवेअर 30 सेकंदांत धीर सोडतं! याच कल्याण-डोंबिवलीच्या पालिकेने 1999च्या सुमारास संगणकीकरण हाती घेतलं, आणि तो नमुना पुढे राज्यातल्या इतर पालिकांपुढे ठेवला गेला. अशा गावात आपण ‘बंद करून चालू करा’ हा मंत्र जपत बसलो आहोत, याची मला चीड येते.

पुढच्या कामांबद्दल कार्यकारिणीने बोलायला सांगितलं आहे. मुद्दाम मंद केलेल्या लाइनवर सॉफ्टवेअर तपासायची एक जागा आपण उभारावी असं मनात आहे. लिनक्समध्ये नेटएम नावाची सोय आहे, हवा तेवढा विलंब घालता येतो, खर्च जुन्या संगणकाचा. जागा कोणाची, चालवणार कोण, हे बैठकीत ठरेल. पडलेल्या प्रोग्रॅमच्या लॉगचा एक सामाईक संग्रहही करावा, गिऱ्हाइकांची नावं काढून. त्याचंही बघू.

पण एका गोष्टीला बैठक लागत नाही. उद्यापासून कॉल रिपोर्टवर ‘नेटवर्क इश्यू’ लिहून सही करू नका. पडल्याची वेळ लिहा, त्या वेळचं पिंग लिहा, आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळी जोडा. सॉफ्टवेअर कंपनीने तो कागद परत पाठवला, तर तो घेऊन माझ्याकडे या.